जुना जपानी ॲम्प: फोनोवर डावीकडून खरखर, ऑक्सवर मात्र एकदम क्लीन

मिरजमळा
नमस्कार मंडळी. मामाने मस्कतहून आणलेला इंटिग्रेटेड ॲम्प आहे, ७५-७६च्या आसपासचा, कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता तो आता माझ्याकडे आलाय. ऑक्सला मोबाईल लावला की आवाज खणखणीत, काही तक्रार नाही. पण फोनोला (टर्नटेबलसाठीचं वेगळं इनपुट) टर्नटेबल लावलं की दोन भानगडी. एक म्हणजे दोन्ही स्पीकरमधून बारीक घूंऽऽ, आणि दुसरी, जी जास्त डोक्यात जाते ती म्हणजे डाव्या स्पीकरमधून मोहरी तडतडल्यासारखी खर्र, खट्, मधेच पाच मिनिटं गप्प, परत सुरू. ही चालू केल्याकेल्या येत नाही, सेट जरा गरम झाला की येते. तबकडी फिरत असो नसो, व्हॉल्यूम वाढवला की खरखर पण वाढते. एका रिपेअरवाल्याला दाखवलं तर म्हणाला सगळे कंडेन्सर बदलायला लागतील, आकडा ऐकून सेट उचलून गप घरी आलो. सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं, मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. कार्ट्रिज (सुईचं डोकं) साधी एमएम, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट. सुरुवात कुठून करू?

टेपवाला_नाना
आधी फुकटातले उपाय. टर्नटेबलची ती बारीक ग्राउंडची वायर ॲम्पच्या मागच्या जीएनडी स्क्रूला नीट आवळलीय का? निम्म्या वेळा घूं तिथेच संपतं. मग इनपुट निवडायचा सिलेक्टर स्विच. जुन्या स्विचचे चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, आणि फोनोचा सिग्नल इतका नाजूक की तो काळा थर त्याला आडवा येतो, ऑक्सला फरक पण पडत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा (गंजलेल्या बिजागऱ्यांना मारतो तो निळा डबा नव्हे, इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा मिळतो), प्लग काढून ठेवा आणि नॉब वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवा.
जाता जाता, आखातातून आलेला सेट आहे तर मागे व्होल्टेज सिलेक्टर असणार. २२० वर असेल तर २४० वर करून टाका, आपल्याकडे लाईन बहुतेक वेळा त्याच बाजूला असते.

मिरजमळा
नाना, ग्राउंड वायर लावलेली आहे, काढली तर घूं चौपट होतं म्हणजे काम करतेय. सिलेक्टर साफ केला, फिरवताना यायची ती करकर गेली पण मूळ खरखर तशीच. टर्नटेबलच्या आरसीए पिना डावी-उजवी अदलाबदल करून पाहिल्या, खरखर डावीकडेच राहिली.

ओमपुरता
मग कार्ट्रिज आणि टोनआर्मची (सुईच्या दांड्याची) वायर खरखरीच्या केसमधून सुटली. बिघाड ॲम्पमध्ये, व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबच्या) आधी, आणि ऑक्स क्लीन आहे म्हणजे फोनो बोर्डवरच.
थोडं गणित सांगतो म्हणजे कळेल फोनोच का रडतो. एमएम कार्ट्रिज देते पाचेक मिलीव्होल्ट, बोर्ड ते १ किलोहर्ट्झला साधारण शंभरपट करतो. त्यावर आरआयएए कर्व्ह, म्हणजे तबकडी कापताना बास दाबलेला असतो तो इथे परत वर काढायचा. ५० हर्ट्झला हा उचल १७ डीबी, आणखी सातपट. म्हणजे मेन्सच्या हमला (तुमच्या त्या घूंला) तुमचा ॲम्प सातशेपट मोठा करतो! लाईन इनपुटला ज्याचा पत्ता लागत नाही ते इथे बोंबलतं.
आता टेस्ट. दोन रिकाम्या आरसीए पिना घ्या, आतला खिळा आणि बाहेरची बॉडी तारेच्या तुकड्याने जोडून टाका, त्या फोनोत खोचा. घूं गेलं तर ते बाहेरून येत होतं. खरखर राहिली तर बोर्ड. पण एक गोम आहे, ट्रान्झिस्टरची अशी थांबून थांबून येणारी खटखट बहुतेक बेस करंटमधून येते, इनपुट पूर्ण शॉर्ट केला की ती दबते आणि माणूस फसतो. म्हणून तारेच्या जागी एक किलोओहमचा रेझिस्टर लावून पण ऐका, कार्ट्रिजची कॉइल तेवढ्याच आसपास असते.

झणझणीत_पुणेकर
एवढा अभ्यास कशाला, पन्नास वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आहेत, सगळे उडवा नवीन टाका. पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत सगळा माल मिळतो.

ओमपुरता
पुणेकर, सुकलेल्या कॅपने (कंडेन्सरने) बास जातो, हम येतो, आवाज दबतो. गरम झाल्यावर एकाच चॅनलला खटखट हे त्यांचं लक्षण कमी आणि ट्रान्झिस्टरचं जास्त. शिवाय एकदम साठ कॅप बदलले, एक उलटा लागला की मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला हे ब्रह्मदेवाला कळणार नाही. स्टीरिओ सेटचा फायदा असा की अर्धा बोर्ड चालू आहे, तोच तुमचा सर्किट डायग्राम. उजव्या ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवरचे व्होल्टेज लिहा, डावीकडे तेच मोजा, जिथे फरक तिथे हात घाला.

मिरजमळा
शॉर्ट केल्यावर घूं पूर्ण गायब. खरखर मंदावली पण होती, एक के लावल्यावर परत पहिल्यासारखी. व्होल्टेज दोन्हीकडे जवळजवळ सेम. बोर्ड उघडलाय, ट्रान्झिस्टरवर सी४५८ लिहिलंय, पाय काळेकुट्ट.

ओमपुरता
सापडला. सी४५८ म्हणजे २एससी४५८, तो यासाठीच बदनाम आहे. पायांवर चांदीचा मुलामा असतो तो काळा पडतो, आणि वय झाल्यावर हे पार्ट असेच तडतडतात. व्होल्टेज बरोबर दाखवूनसुद्धा आवाज करतात, त्यामुळे मीटरच्या भरवशावर राहू नका. सेट चालू ठेवून इनपुटच्या पहिल्या ट्रान्झिस्टरजवळ सोल्डर आयर्नचं टोक न्या, टेकवायचं नाही. खरखर भडकली की तोच. जागी केएससी१८४५ टाका. बीसी५४९सी पण चालतो पण पायांचा क्रम वेगळा, सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर, जपान्यांचा एमिटर-कलेक्टर-बेस. डेटाशीट बघितल्याशिवाय लावू नका.

टेपवाला_नाना
आणि ट्रान्झिस्टर ओळखीच्या दुकानातूनच, नाहीतर ऑनलाईन मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडून. नकली माल फार फिरतोय. बदलायच्या आधी मोठे फिल्टर कॅप रिकामे करा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नाही, शंभर ओहम पाच वॅटचा रेझिस्टर दोन टोकांना धरून. पहिल्यांदा चालू कराल तेव्हा सिरीज बल्बवर, म्हणजे मेन्सच्या वायरीत मधे बल्ब जोडून. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भकाभका पेटत राहिला तर लगेच बंद.

मिरजमळा
लेकाने टॉर्च धरला आणि डावीकडचे दोन्ही बदलले. दोन तास नाट्यसंगीताची एलपी लावून बसलो, एक खट् नाही! काढलेल्यातला कुठला चोर होता ते शोधायच्या भानगडीत पडलो नाही. आता घूं उरलंय, पण ते शॉर्ट केल्यावर जात होतं म्हणजे बाहेरचं ना?

ओमपुरता
हो. टर्नटेबल ॲम्पच्या कुठल्या अंगाला ठेवलंय? आतला ट्रान्सफॉर्मर ज्या बाजूला असेल तिकडे कार्ट्रिज असली तर ती ५० हर्ट्झ सरळ ओढून घेते.

मिरजमळा
अगदी ट्रान्सफॉर्मरला खेटून होतं. दुसऱ्या अंगाला दोन फूट लांब नेलं, आता कान लावला तरच जरासं ऐकू येतं. उजवीकडचे जुने सी४५८ राहू देऊ का, ते तर काही बोलत नाहीयेत?

टेपवाला_नाना
काढा तेपण. बोर्ड बाहेर आहे तोवर काम दहा मिनिटांचं, परत सगळे स्क्रू उघडायचा कंटाळा येतो. आणि दोन्हीकडे एकाच लॉटचे टाका, म्हणजे चॅनल सारखे राहतील.