कृषी पदवीनंतर एक-दोन वर्षे पूर्णवेळ सामाजिक काम : फेलोशिप निवडताना काय पाहावे? मदत हवी आहे

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्याची रहिवासी असून यंदा माझे बी.एस्सी. (कृषी) पूर्ण झाले आहे. घरी चार एकर कोरडवाहू जमीन आहे, धाकटा भाऊ बारावीला आहे. मी पुण्याला राहून एमपीएससीच्या कृषी सेवेची तयारी करावी, असे आई-बाबांना वाटते. मला मात्र त्याआधी निदान एक वर्ष खेड्यात राहून महिला शेतकऱ्यांबरोबर पूर्णवेळ काम करायचे आहे. या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

ही इच्छा कशी झाली हे थोडक्यात सांगते, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल. राष्ट्रीय सेवा योजनेत मी दोन वर्षे होते. २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर पूर्ण केले. त्यातून श्रमाची आणि समूहात राहण्याची सवय लागली, पण एखादा प्रश्न खोलवर समजला असे म्हणता येणार नाही. ते घडले सातव्या सत्रात, ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी आम्ही सहा कृषीकन्या एका गावात राहिलो तेव्हा. सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आम्ही ग्रामपंचायतीसमोर घेतले. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर शेवटी रायझोबियम हे जिवाणू खत, हा क्रम का पाळायचा, हे आम्ही तपशिलाने समजावले. समोर बसलेले सगळे पुरुष होते आणि चार-पाच बायका मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्यातील एक जण मला म्हणाली, "ताई, बियाण्याला औषध चोळायचं आम्ही, अन् माहिती त्यांना कशाला सांगता?" मला उत्तर देता आले नाही. त्या संध्याकाळी आम्ही तिच्या अंगणात पंधरा बायकांसाठी तेच प्रात्यक्षिक पुन्हा घेतले आणि त्यांनी विचारलेले प्रश्न सकाळच्या सभेपेक्षा कितीतरी नेमके होते. त्यांच्यातील एका ताईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते, तरी सातबारा अजून सासऱ्यांच्याच नावावर होता. त्यामुळे शेत त्या कसत असूनही पीककर्ज त्यांच्या नावे मिळत नव्हते. वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत वारसाचे नाव लावणे, कसा होतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पदवीच्या चार वर्षांत मी पिकाविषयी पुष्कळ शिकले होते, पण पीक घेणाऱ्या बाईच्या अडचणींविषयी फारच थोडे, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

म्हणूनच मागच्या उन्हाळ्यात मी एका संस्थेत तीन महिने स्वयंसेवक म्हणून गेले. महिला गटांबरोबर काम मिळेल असे तोंडी सांगितले होते. प्रत्यक्षात मी हजेरीपत्रके भरणे आणि कार्यक्रमांची छायाचित्रे अहवालात चिकटवणे एवढेच केले. गावात माझे जाणे एकूण चार वेळा झाले. प्रवासखर्च मिळाला नाही आणि शेवटी अनुभवाचे पत्रही मिळाले नाही. कार्यालयीन काम हलके आहे असे मी मानत नाही, तेही कोणाला तरी करावेच लागते. परंतु त्या तीन महिन्यांमुळे घरात माझी बाजू कमकुवत झाली. बाबांचे म्हणणे आता असे आहे की सेवा करायची तर सुट्टीत करावी, पोटापाण्याचा रस्ता आधी पाहावा. ते चुकीचे बोलतात असे मला म्हणता येत नाही.

आतापर्यंत मी जे पाहिले त्यात एसबीआय यूथ फॉर इंडिया ही १३ महिन्यांची फेलोशिप मला सर्वांत जवळची वाटली, कारण तिच्यात ग्रामीण भागातील अनुभवी संस्थेबरोबर राहून एक स्वतंत्र प्रकल्प करता येतो आणि तिची वयोमर्यादा २१ ते ३२ आहे. टीच फॉर इंडिया आणि गांधी फेलोशिप या दोन-दोन वर्षांच्या आहेत आणि मुख्यतः शालेय शिक्षणाशी निगडित आहेत, म्हणून त्या बाजूला ठेवल्या. मला विचारायचे आहे ते हे, की एखादी संस्था मला खरोखर शिकवील की केवळ वापरून घेईल, हे रुजू होण्याआधी कसे ओळखावे? या वर्षाचा पुढे नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी उपयोग होतो का? आणि आधी एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करून मग क्षेत्रात उतरणे अधिक योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

मी स्वतः अशी एक फेलोशिप केली असून गेली नऊ वर्षे पाणलोट विकासाच्या कामात आहे. तुमचा पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावरच अधिक लिहिते.

संस्थेचे संकेतस्थळ आणि वार्षिक अहवाल पाहून फारसे कळत नाही. तेथे वर्षभर राहून बाहेर पडलेल्या दोन मुलींशी फोनवर बोला आणि त्यांना एवढेच विचारा की आठवड्यातील किती दिवस त्या गावात असत, अडचण आल्यावर कोणाला विचारत, आणि ती व्यक्ती गावात येत असे की केवळ अहवाल मागत असे. संस्था तुम्हाला जुन्या मुलींचे क्रमांक द्यायला टाळाटाळ करत असेल, तर मी तेथे जाणार नाही. दुसरे असे की मानधन, मुक्कामाची सोय, प्रवासखर्च, रजा, विमा आणि कामाचे स्वरूप हे सर्व लेखी मागा. सेवाभावी क्षेत्रात पैशाविषयी बोलणे अप्रशस्त मानण्याची एक सवय आहे आणि तिचा तोटा सर्वांत जास्त सामान्य घरातून आलेल्या मुलामुलींना होतो. ज्यांना घरून पैसे येतात ते टिकतात आणि बाकीचे सहा महिन्यांत परत जातात. मानधनाविषयी विचारल्याने तुमची निष्ठा उणी होत नाही. महिला सहकाऱ्यांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का, हेही विचारा. जेथे दहा किंवा अधिक कर्मचारी आहेत, तेथे २०१३ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे.

शक्य असल्यास रुजू होण्यापूर्वी दोन-तीन दिवस स्वखर्चाने त्यांच्या कामाच्या गावात राहून या. तुमचा विषय महिला शेतकरी हा असल्याने मराठवाड्यातच पाहण्यासारखे बरेच आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून पुढे आलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचे एक एकर शेतीचे काम अवश्य पाहा. घरच्या जमिनीतील एकरभर तुकडा बाईच्या निर्णयाने कसला जातो आणि त्यात आधी घरच्या खाण्याची मिश्र पिके घेतली जातात, अशी ती मांडणी आहे. तुमच्या त्या अंगणातील प्रश्नाशी हे काम सरळ जोडलेले आहे.

एक सावधगिरी सांगते. अखिल भारतीय फेलोशिपमध्ये महाराष्ट्राबाहेर जावे लागू शकते. मला पहिले चार महिने तेथील बोली समजण्यातच गेले. तो काळ वाया गेला असे मी म्हणत नाही, पण बायकांशी जमिनीच्या हक्काविषयी बोलायचे तर भाषा लागते, याचा विचार अर्ज भरतानाच करावा.

प्रतिसाद २

मी कृषी विभागातून निवृत्त झालो आहे. तुमच्या वडिलांच्या जागी मी असतो तर मलाही हीच काळजी वाटली असती, म्हणून त्यांना दाखवता येईल असे दोन मुद्दे लिहितो.

एमपीएससीसाठी खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा ३८ वर्षे आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. बावीसाव्या वर्षी एक वर्ष गावात काढल्याने ती संधी हातची जात नाही. तयारीची लय तुटते हे खरे. रोज दीड-दोन तास वाचन चालू ठेवता येईल का, हे मात्र प्रामाणिकपणे ठरवावे. दुसरा मुद्दा असा की राज्य शासनाच्या मुख्यमंत्री फेलोशिपच्या अलीकडच्या जाहिरातींत २१ ते २६ वर्षे वय आणि पदवीला ६० टक्के गुण यांबरोबर एक वर्षाच्या पूर्णवेळ कामाच्या अनुभवाची अट होती. पूर्णवेळ फेलोशिपचे नियुक्तीपत्र आणि अनुभवपत्र हाती असले तर अशा ठिकाणी ते मांडता येते. सुट्टीतील अर्धवेळ स्वयंसेवेला तेथे तसे वजन येत नाही, म्हणून मागच्या वेळी पत्र मिळाले नाही ही गोष्ट किरकोळ समजू नका आणि संस्थेकडे आजही लेखी मागणी करा.

एम.एस.डब्ल्यू.विषयी माझे मत असे आहे की आधी काम करावे आणि मग शिकावे. माझ्या पुतणीने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या तुळजापूर येथील ग्रामीण परिसरात शिक्षण घेतले. दोन वर्षे काम करून आलेल्या मुलांचे प्रश्न वेगळे असतात, असे ती नेहमी सांगते. व्यवस्थापनाकडे ओढा असेल तर आणंद येथे १९७९ मध्ये स्थापन झालेली इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था आहे, परंतु तेथील शुल्काचा हिशेब आधी घरी बसून करावा.

आपला कल नेमका कोणता याविषयी अजून शंका असेल, तर गडचिरोलीच्या शोधग्राम येथील 'निर्माण' शिबिरांसाठी अर्ज करा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ती २००६ पासून चालवली आहेत. ती नोकरी देण्यासाठी नाहीत, पण आपण कोणता प्रश्न हाती घ्यावा याचा विचार तेथे गांभीर्याने होतो आणि त्याच वाटेने चाललेले सोबती भेटतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद (तीन आठवड्यांनंतर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. वयोमर्यादेचा मुद्दा त्यांना पटला; मानधनाविषयी लेखी मागावे हे वाचल्यावर ते म्हणाले की हे सांगणारे माणूस अनुभवी आहे.

जुन्या संस्थेला मी पत्र पाठवले आणि तीन महिन्यांचे अनुभवपत्र मला मिळाले. मागील आठवड्यात बाबांना बरोबर घेऊन धाराशिव जिल्ह्यातील एका गावात महिला गटांचे शेतीकाम पाहून आले. बाबा दिवसभर बांधावर बायकांशी तुरीच्या वाणांविषयी बोलत होते. परतताना एसटीत त्यांनी स्वतःहून विषय काढला आणि एक वर्षाला होकार दिला, मात्र ते मराठवाड्यातच असावे अशी अट घातली. त्यामुळे अखिल भारतीय फेलोशिपचा विचार मी सध्या थांबवला आहे आणि दोन स्थानिक संस्थांकडे पूर्णवेळ कामासाठी अर्ज करत आहे.

आता एकच विचारायचे आहे. वारसाचा फेरफार आणि सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावणे यांची कार्यपद्धती रुजू होण्याआधी नीट शिकून घ्यावी असे मला वाटते. तलाठी कार्यालयात बसून ती समजून घेण्याची काही रीतसर सोय असते का, की महसुली कामातील कोणी अनुभवी व्यक्ती हे शिकवू शकेल? परभणी किंवा हिंगोली परिसरातील कोणी असल्यास कृपया येथेच कळवावे.