नागपुरात जुनं घर घेतलं: टॅक्स, पाणी, विजेचं आधी काय बघायचं?

नवा_मानेवाडेकर
नमस्कार. मानेवाड्याकडे लेआउटमधलं जुनं ड्युप्लेक्स घेतलं. रजिस्ट्री झाली, इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) हातात आहे. बिलं सगळी जुन्या मालकाच्या नावावर आहेत. कुठून सुरुवात करू?

टाकळीकर
भाऊ, पहिले हद्द बघा. पत्त्यात 'नागपूर' असलं म्हणजे घर महापालिकेत असतंच असं नाही. वाडीला नगर परिषद आहे, बेसा-पिपळ्याला नगर पंचायत. हद्दीत असाल तर झोन शोधा. झोन १० आहेत, पण त्यांची नावं मोहल्ल्यांच्या नावांशी जुळतीलच असं नाही, म्हणून जुन्या मालकाकडून टॅक्सची शेवटची पावती मागून घ्या. झोन, वॉर्ड आणि इंडेक्स नंबर तिथेच सापडतो. हा इंडेक्स नंबर वेगळा आणि रजिस्ट्रीचा इंडेक्स-२ वेगळा, गल्लत करू नका.

रजिस्ट्री झाली म्हणजे सगळीकडे नाव चढलं असं धरू नका. टॅक्ससाठी झोन ऑफिसात अर्ज करायचा, आखीव पत्रिकेसाठी नगर भूमापन कार्यालयात (पुण्या-मुंबईकडे तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात). दोन्हीकडे रजिस्ट्रीची प्रत, इंडेक्स-२ आणि भरलेल्या टॅक्सची पावती न्या. थकबाकी आधी निपटवा, कारण तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढते.

पेंचचं_पाणी
पाण्याबद्दल सांगतो. महापालिकेच्या वतीने ऑरेंज सिटी वॉटर पुरवठा आणि बिल बघते. १ युनिट म्हणजे १००० लिटर, आणि वापर वाढला की वरच्या टप्प्यातल्या युनिटचा दरही वाढतो. घर घेताना मीटरचा फोटो काढा. रात्री सगळे नळ आणि टाकीचे व्हॉल्व्ह बंद करून लाल आकडे टिपा, सकाळी पुन्हा बघा. आकडा सरकला तर मीटरपासून बंद व्हॉल्व्हपर्यंतच्या पाइपात गळती आहे. नाही सरकला तरी जमिनीतल्या टाकीचा फ्लोट बॉल तपासा. तो नीट बसत नसेल तर टाकी रात्रभर वाहते आणि बिल तुमच्या नावावर येतं.

टुल्लू पंप थेट नळाच्या लाइनला लावू नका, मनाई आहे आणि पंप जप्त होतो. ओढ बसली की सैल जोडातून नालीचं पाणी आत येतं आणि शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो. पाणी आधी जमिनीतल्या टाकीत घ्या, तिथून मोटरने वर चढवा.

मे महिन्याचं बिल बघून घाबरू नका. डेझर्ट कूलर तासाला ८ लिटर प्यायला, दोन कूलर रोज १२ तास चालले, तर महिन्याला जवळपास ६ युनिट तिथेच जातात.

महालवाला
विजेच्या बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि ४ अंकी बिलिंग युनिट, दोन्ही लिहून ठेवा. नाव बदलताना जुन्या मालकाच्या सुरक्षा ठेवीचं काय होणार हे त्याच्याशी आधीच ठरवा, नाहीतर मग सही मिळवायला फिरावं लागतं. मंजूर भारही (घराला किती वीज वापरायची परवानगी आहे ते) बघा. जुन्या घरांत तो १-२ किलोवॅटच असू शकतो, आणि दीड टनाचा एकच एसी दीड किलोवॅटच्या आसपास घेतो. दोन एसी लावायचे तर भार वाढवून घ्या आणि मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर बदला. नाहीतर ऐन उन्हाळ्यात जोड जळतो. तक्रारीला १९१२.

नवा_मानेवाडेकर
आभारी आहे. एक राहिलं: कागदांत 'आरएल'चा उल्लेख आहे, पण पत्र नाही.

टाकळीकर
हे सगळ्यांत आधी सांगायचं होतं तुम्ही! आरएल म्हणजे गुंठेवारीतला (मंजुरी न घेता तुकडे पाडून विकलेला) भूखंड नियमित झाल्याचं पत्र, नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं. डिमांड नोटचे (नियमित करण्यासाठी मागितलेल्या रकमेच्या नोटिशीचे) पैसे भरले असले तरी पत्र निघालेलं असेलच असं नाही. मौजा (महसुली गाव), खसरा (जमिनीचा सर्व्हे) नंबर, लेआउटचं नाव आणि भूखंड क्रमांक घेऊन नासुप्रच्या विभागीय कार्यालयात फाइल तपासा. आरएल नसला तर नकाशा मंजुरी आणि बँकेचं कर्ज दोन्ही अडतात. जुन्या मालकाकडे डिमांड नोटची मूळ पावती असेल तर आजच मागून घ्या, घर सोडून गेलेला माणूस असले कागद जपत नाही.