कमानीचं मोल्डिंग: स्पिंडलवर हाताने चालवावं की बंदच करावं? (सुतारकामाच्या फोरमवरची चर्चा; मथळ्यांत सभासदांची टोपणनावं)

चौकटवाला (धागाकर्ता)

एक ठाम मत टाकतो, पटत नसेल तर खोडून काढा. चार-पाच माणसांच्या सुतारी कारखान्यात गोलाईचं मोल्डिंग स्पिंडल मोल्डरवर (टेबलातून वर आलेल्या उभ्या दांड्यावर पाती फिरवून कडेला नक्षी काढणारं मशीन) हाताने सरकवणं बंद झालं पाहिजे. सरळ पट्टी खुशाल काढा. कमान नको.

नेहमीचंच काम घ्या. 900 मिमी गाळ्याची अर्धगोल सागवानी चौकट, आतली त्रिज्या 450, बाहेरची 525, आतल्या कडेला 10 मिमी खोल मोल्डिंग. सरळ पट्टीला मागे लांब फेन्स (टेकायची सरळ आडपट्टी) असते, वरून आणि बाजूने दाबपट्ट्या लागतात, फीडर (माल आपोआप सरकवणारं यंत्र) जोडता येतो. कमानीला फेन्स काढावीच लागते. मग माल टेकतो तो बेअरिंगवर, एका बिंदूला. तिथेच पाती बसवलेला 125 मिमी व्यासाचा ब्लॉक 6000 आरपीएमने फिरतोय, म्हणजे पात्याच्या धारेचा वेग सेकंदाला 39 मीटर, ताशी 140 किमी. माल अडकला तर फेकला जातो, आणि त्याला धरलेला हात कुठे जातो ते इथे कुणाला सांगायला नको.

हेच काम राउटर टेबलवर (टेबलाखाली लहान, वेगवान मोटर बसवलेली) अर्धा इंच शँकच्या, म्हणजे दांड्याच्या, बेअरिंग बिटने होतं. 25 मिमीचं बिट, 18,000 आरपीएम, धारेचा वेग 23-24 मीटर. एका फेरीत 2-3 मिमीच काढायचं. वेळ तिप्पट लागतो, लागू दे.

फर्मा आधी

वेग कमी तितकं काम सुरक्षित, हे गणित स्पिंडलवर चालत नाही. हाताने सरकवताना धारेचा वेग साधारण 40 ते 70 मीटर ठेवा असं सांगतात ते उगीच नाही. त्याखाली पातं लाकडाला कापण्यापेक्षा धक्के जास्त मारतं. तोच ब्लॉक 7000 वर घ्या, 46 मीटर होतील. अर्थात ब्लॉकवर कोरलेला कमाल आरपीएम बघूनच.

आणि एका बिंदूला टेकणं राउटर टेबललाही लागू आहे की! तिथे मोटर लहान, म्हणून झटका लहान, एवढं मान्य. पण लहान बिट लाकडातून जास्त उभ्या कोनात बाहेर पडतं, त्यामुळे उलट रेषेत (लाकडाच्या धाग्याविरुद्ध कापताना) टवका मोठा निघतो. मोठा ब्लॉक पसरट कोनात कापतो.

कमानीवर झटका बसतो तो बहुतेक वेळा एकाच क्षणी: मालाचं टोक कटरला लागतं तेव्हा. टोक बेअरिंगला टेकण्याआधी कटरला टेकलं की संपलं. म्हणून फर्मा (माल ज्याला आवळून सरकवायचा ती गोलाईच्या आकाराची फळी) मालापेक्षा लांब हवा. 18 मिमी प्लायचा, गोलाई तशीच पुढे नेऊन दोन्ही टोकांना 150-150 मिमी जास्त. फर्मा आधी बेअरिंगवर बसतो, स्थिर होतो, मग सरकत सरकत माल कटरमध्ये जातो. बाहेर पडतानाही तेच.

फर्म्याचं बाकीचं: कटर माल उजवीकडे ढकलतो, म्हणून मालाच्या उजव्या टोकामागे पक्का ठोकळा, स्क्रू आणि गोंद दोन्ही. वरून निदान दोन टॉगल क्लॅम्प (खटक्याने आवळणारे), तुकडा 400 मिमीच्या वर असेल तर तिसरा मधे. माल बसतो त्या जागी 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, घसरणं बंद. दोन मुठी, कटरच्या बाजूच्या कडेपासून 200 मिमी मागे. हात मुठींवर, मालावर नाहीच. बँडसॉने कापताना रेषेबाहेर 2 मिमी ठेवायचं, त्याहून जास्त ठेवून स्पिंडलवर खायला घालायचं नाही.

10 मिमी मोल्डिंग एका फेरीत काढायला कोण सांगतंय? आधी मोठी रिंग (बेअरिंगचं कडं, फर्मा टेकतो ते), मग लहान. रिंगचा व्यास 6 मिमीने वाढला की खोली 3 मिमीने घटते.

गोलची

फर्मा झकास. पण क्लॅम्प वर म्हणजे फर्मा खाली, बेअरिंग खाली आणि कटर त्याच्या वर. माल जरा उचलला गेला तर तो कटरमध्येच वर चढतो. शिवाय भुसा फर्मा आणि टेबल यांच्यामध्ये जातो आणि फर्मा कुरकुरत चालतो.

उलट करा. फर्मा वर, माल खाली टेबलावर, बेअरिंग कटरच्या वर, कटर मालाची खालची कड कापतो. आता माल उचलला तर कटरपासून लांब जातो, आणि कटर फर्म्याखाली झाकलेला राहतो. फर्मा मालाला स्क्रूने धरायचा. भिंतीकडे जाणारी बाजू वर ठेवली तर भोकं दिसतही नाहीत.

फर्मा आधी

चौकटीला चालेल. झडपेच्या दोन्ही बाजू दिसतात, तिथे स्क्रू कुठे मारणार? मग फर्मा खालीच, आणि कटरच्या वर रिंग गार्ड, मालाच्या वर दोन-तीन मिमीवर. क्लॅम्पचे दांडे गार्डला अडणार नाहीत इतके मागे. मशीन बंद ठेवून, प्लग काढून, अख्खी फेरी हाताने फिरवून बघा: कुठे क्लॅम्प अडतो, कुठे मूठ आडवी येते, ते आधीच कळतं.

तीन सूत

स्पिंडल की राउटर हे नंतर. आधी तुकडे किती करताय ते सांगा, निम्मा धोका तिथेच ठरतो.

वरच्याच मापाची कमान तीन तुकड्यांत केली तर प्रत्येक तुकडा 60 अंशांचा. फळी लागते 525 वजा (450 गुणिले कोसाइन 30 अंश), म्हणजे 135 मिमी रुंद, रंधून साफ. टोकाला लाकडाची रेषा गोलाईशी 30 अंश तिरपी. चार तुकडे केले तर 45 अंशांचे, फळी 109 मिमी, बाहेरची लांबी 402 मिमी, टोकाला तिरपेपणा साडेबावीस अंश. लाकूडही वाचतं, टवकाही कमी. दोन तुकड्यांची कमान करणारे आहेत, टोकाला 45 अंश आखूड रेषा. ती मशीनवर फुटली नाही तर पुढे कधीतरी चौकटीत फुटते.

आणि सांधा नुसता टोकाला टोक चिकटवून नको. टोकाकडचा भाग गोंद पितो, धरत नाही. मधे सुटं कुसू (दोन्ही तुकड्यांच्या खाचेत बसणारी पट्टी) घाला किंवा दोन थर करून सांधे आलटून-पालटून ठेवा.

चौकटवाला

तुकड्यांचं पटलं, चारच बरे. पण रेषेवर आलात म्हणून माझा मुख्य मुद्दा, ज्याला अजून कुणी हात घातला नाही.

गोल कडेवर अर्धं काम उलट रेषेत येणारच. सुतार हाताने रंधा मारतो तेव्हा फुगीर कडेवर मधून टोकांकडे उतरतो आणि खोलगट कडेवर टोकांकडून मधे उतरतो. स्पिंडलवर कापणं एकाच दिशेने, आधी आत जाणाऱ्या टोकाकडून मागच्या टोकाकडे. म्हणजे खोलगट कडेचा पहिला अर्धा भाग छान निघतो, दुसरा उचकटतो. फुगीर कडेला उलट, पहिलाच अर्धा भाग चढाचा. आता लोक म्हणतात, माल पालथा करून दुसरा अर्धा भाग काढा. खोलगट कडेला ठीक आहे: टोकाकडून आत जा, मध्यावर आलं की माल अलगद बाहेर घ्या. पण झडपेची बाहेरची कड फुगीर असते. तिथे सुलट रेषेत कापायचं तर मध्यावरूनच शिरावं लागतं. फर्म्याची 150 मिमी वाढ तिथे काय कामाची? मधेच आत शिरणं म्हणजे वर ज्याला तुम्ही सगळ्यात वाईट क्षण म्हणालात तोच.

शिवाय पालथा करणं फक्त दोन्हीकडून सारख्या नक्षीला चालतं. एकांगी मोल्डिंग असेल तर नक्षी उलटी पडते.

फर्मा आधी

मुद्दा बरोबर आहे. उत्तर दोन.

एक, साध्या बेअरिंगऐवजी टेबलाला बसणारी स्थिर रिंग गाइड, जिच्या उजव्या बाजूला आत शिरण्याचा उतार असतो. फर्मा त्या उतारावर टेकवायचा आणि तिथून सरकवत कापण्याच्या बिंदूपर्यंत आणायचा, कटर हळूहळू शून्यापासून पूर्ण खोलीला जातो. मध्यावरूनही शिरता येतं. कापण्याचा बिंदू रिंगवर रेघ मारून ठेवा, फर्मा त्या रेघेवरून हलता कामा नये.

दोन, एकांगी नक्षीला स्पिंडल उलटा फिरवायचा. रिव्हर्स स्विच असलेलं मशीन हवं, उलट फिरतीसाठी आरशातल्यासारखी उलटी घासलेली पाती बसवायची (नुसता ब्लॉक उलटा केला तर नक्षीही उलटी पडते) आणि माल डावीकडून उजवीकडे. ठोकळाही आता फर्म्याच्या डाव्या टोकाला. माल कायम पात्याच्या फिरतीविरुद्धच. फिरतीबरोबर दिला तर पातं माल हिसकावून घेतं. राउटरवर फिरतीबरोबर पाव मिमीची हलकी फेरी देणारे हात ही खोड स्पिंडलवर आणतात, तेव्हा गडबड होते.

कारखानदार

सगळे फर्म्यावर बोलताहेत, कटरवर कुणीच नाही. आपल्याकडे निम्म्या मशिनवर अजून चौकोनी ब्लॉक आणि हायस्पीड स्टीलची घासून केलेली पाती बोल्टने आवळलेली असतात. पातं ब्लॉकबाहेर 12-15 मिमी डोकावतं. बोट गेलं तर किती आत जाणार ते त्यावरून समजा.

युरोपात हाताने सरकवायच्या कामाला लिमिटर असलेला गोल ब्लॉक लागतो. पात्यापुढे तसाच आकार दिलेली अडपट्टी असते आणि पातं तिच्यापुढे जास्तीत जास्त 1.1 मिमी. एका चाव्यात तेवढंच लाकूड जातं, म्हणून झटकाही लहान आणि जखमही. हत्यारावर एमएएन असा शिक्का असतो, म्हणजे हाताने चालवायला योग्य. एमईसी असेल तर फक्त फीडरवर. ब्रिटनमध्ये 1998 च्या नियमांनुसार अशा मशीनला हीच हत्यारं लागतात, आणि बंद केल्यावर स्पिंडल दहा सेकंदांत थांबवणारा ब्रेकही.

जुनाच ब्लॉक वापरणार असाल तर निदान पात्यांची जोडी तराजूवर जुळवा. 60 मिमी त्रिज्येवर 1 ग्रॅमचा फरक 6000 आरपीएमला जवळपास 24 न्यूटनचा फिरता धक्का देतो, म्हणजे स्पिंडलला अडीच किलोचा झोका, सेकंदाला शंभरदा. बेअरिंग जातंच, पण त्याआधी पात्याचे बोल्ट ढिले होतात. आणि सागवानात सिलिका असते, हायस्पीड स्टीलची धार लवकर जाते. धार गेली की माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेला हातच घसरतो. सागवानाला कार्बाइडच.

गोलची

ह्यात एक भर. स्विच. नुसता फिरवायचा स्विच लावलेली मशिन अजून दिसतात. लाइट गेली, माणूस मशीन चालूच ठेवून माल काढायला वाकला, लाइट आली, स्पिंडल सुरू. नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावा, लाइट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय फिरणार नाही. लाल बटण गुडघ्याजवळ, दोन्ही हात मुठींवर असताना दाबता येईल असं. हातमोजे नाहीत, लोंबती बाही नाही, हे काय सांगायचं.

चौकटवाला

कारखानदारांनी माझीच बाजू मांडली असं मी धरतो. लिमिटर ब्लॉक, रिंग गाइड, गार्ड, रिव्हर्स स्विच, ब्रेक. हे सगळं असेल तर कमान स्पिंडलवर काढा, माझी हरकत संपली. पण महिन्याला दोन कमानी करणारा माणूस एवढं घेणार नाही. तो बेअरिंग घालणार, टॉगल क्लॅम्पऐवजी हाताने धरणार. त्याला सांगायचं ते राउटरच. नाहीतर 3 मिमी पट्ट्या वाकवून चिकटवलेली कमान करा, रेषा गोलाईबरोबरच वळते, उलट रेषेचा प्रश्नच उरत नाही.

तीन सूत

पट्ट्यांची कमान साच्यातून काढल्यावर थोडी उलगडते, त्रिज्या बदलते. फर्मा साच्यावरून नाही, निघालेल्या कमानीवरून आखा.

आणि अख्खी कमान चिकटवून मग मोल्डिंग काढायचं की तुकडे आधी? अख्खी असेल तर सांध्यावर नक्षी जुळते, पण प्रत्येक सांध्याला रेषा उलटते आणि मीटरभर रुंदीचा तो धूड एकट्याने आवरत नाही. पलीकडे दुसरा माणूस हवा आणि त्याने ओढायचं नाही, फक्त तोलायचं.

फर्मा आधी

अख्खी. पण शेवटची 0.5 मिमीची फेरी फक्त. बाकी सगळं तुकड्यांवर आधीच काढून घ्या.

गोलची

कुणी वाड्याच्या दुरुस्तीसाठी महिरप करत असेल तर आणखी एक माप. महिरपीच्या पाकळ्यांची आतली त्रिज्या बऱ्याचदा 40-50 मिमी असते. 125 चा ब्लॉक 62.5 मिमीपेक्षा लहान आतल्या गोलाईत शिरतच नाही, रिंग कितीही बदला. तिथे राउटरला पर्याय नाही. आणि आत शिरणारा टोकदार कोपरा असेल तर तिथे राउटरही पोचत नाही: शेवटचे 15-20 मिमी सोडून मशीन थांबवा, कोपरा पटाशीने उघडा आणि नक्षी गोलचीने (गोल धारेच्या पटाशीने) दोन्हीकडून मधे आणून मिळवा.