मदत हवी आहे: तुरुंगातल्या सुरक्षेच्या नोंदी किती वर्षं ठेवाव्यात?

नमस्कार. तुरुंगाच्या दप्तरासाठी जतन-मुदतींचा तक्ता करतेय. गेटबुक, चाव्यांची नोंदवही, रोजची मोजणी यांना ठरावीक वर्षं पुरतील. अडलंय ते झडती, बळाचा वापर आणि कोठडीतल्या मृत्यूच्या नोंदींपाशी. कैदी सुटल्यावर कित्येक वर्षांनी तक्रार करतो, आणि तोवर सीसीटीव्हीचं जुनं चित्रण आपोआप पुसलं गेलेलं असतं. मग उरते फक्त वही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नेल्सन मंडेला नियमांत (कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम) दुखापत, मृत्यू, छळाच्या तक्रारी नोंदवायला सांगितलंय, पण वर्षांचा आकडा नाही. मुदत घटनेपासून मोजावी की सुटकेपासून? मला सुटकेपासूनच योग्य वाटतं. आणि चौकशी सुरू होताच चित्रण वेगळं काढायची जबाबदारी कोणावर ठेवता? कोणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.