ढगाखाली लपलेलं वादळाचं केंद्र: ३७ की ८९ गिगाहर्ट्झ?

दर्यावारा: इन्सॅटच्या इन्फ्रारेड चित्रात अरबी समुद्रातल्या वादळावर नुसता पांढरा सलग ढग दिसतो, डोळा कुठेच नाही. ८९ च्या मायक्रोवेव्ह प्रतिमेत कडं दिसतं, ३७ मध्ये तेच थोडं बाजूला. केंद्र कुठलं धरू? आणि कोकणात मुसळधार चालू असताना ८९ मध्ये घाट कोरडा कसा?

ढगवेधी: केंद्रासाठी ३७ धरा. ८९ ला उंचावरचे बर्फकण दिसतात. खालून येणारं उत्सर्जन ते विखुरतात, म्हणून तिथलं तेजस्विता तापमान (पोचलेल्या किरणांच्या तीव्रतेवरून काढलेलं तापमान) घसरतं. ३७ ला मुख्यतः खालचे पावसाचे थेंब दिसतात. जीएमआय, एएमएसआर-२ ही उपग्रहांवरची मायक्रोवेव्ह उपकरणं जमिनीकडे सुमारे ५३ ते ५५ अंशांनी तिरपं बघतात, त्यामुळे १०-१५ किमी उंचीवरचा बर्फ उपग्रहापासून लांबच्या बाजूला १० ते २० किमी सरकून दिसतो. फरक याहून बराच मोठा असेल, तर वाऱ्याच्या कातरामुळे (उंचीनुसार वारा बदलल्यामुळे) वादळच कललं आहे असं समजा.

८९ च्या नुसत्या आडव्या ध्रुवीकरणाच्या (लहरींच्या आडव्या कंपनाच्या) चित्रावर विसंबू नका. कोरड्या हवेखालचा समुद्रही त्यात थंड दिसतो आणि बर्फाचा भास होतो. १.८१८ × उभ्या ध्रुवीकरणाचं तापमान − ०.८१८ × आडव्याचं तापमान असं काढा. उत्तर २५५ केल्विनखाली गेलं तर पाऊस, २२५ खाली गेलं तर जोरदार उंच ढग.

सह्यमेघ: घाटाचं कारण वेगळं. मान्सूनमध्ये सह्याद्रीवर पडणारा बराचसा पाऊस उथळ ढगांतला, गोठणपातळीच्या फारसा वर न जाणाऱ्या. बर्फ कमी, म्हणून ८९ ला खूण नाही. समुद्रावर थेंबांचं उत्सर्जन थंड पार्श्वभूमीवर उठून दिसतं. जमीन स्वतःच ०.९ च्या आसपास उत्सर्जकतेची, म्हणजे तीही भरपूर उत्सर्जन करते, त्यात ते विरून जातं. घाटासाठी पर्जन्यमापकाचाच आकडा खरा.

बाष्पाचंही तेच. २२ गिगाहर्ट्झजवळच्या रेषेवरून एकूण बाष्प समुद्रावरच नीट मिळतं. जमिनीवर १८३ गिगाहर्ट्झची साउंडर (थराथरातलं बाष्प मोजणारी उपकरणं) लागतात. २०११ साली सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावरच्या सॅफीर साउंडरला तिथे सहा चॅनेल होते. किनाऱ्यालगतचे २५-३० किमी सोडूनच द्या, एका ठिपक्यात जमीन-पाणी मिसळतं.

दर्यावारा: मग इन्सॅटवरच हे उपकरण का नाही?

ढगवेधी: ३६,००० किमीवरून १ मीटरच्या अँटेनाला ८९ वर १०० किमीहून मोठा ठिपका मिळेल. त्यात डोळा कुठला दिसणार! म्हणून खालच्या कक्षेतले उपग्रह, आणि म्हणूनच प्रतिमेवरची वेळ आधी बघा. ताशी १५ किमीने सरकणारं वादळ सहा तासांत ९० किमी पुढे गेलेलं असतं. मिमिक-टीपीडब्ल्यूच्या (उपग्रहांवरून जोडलेल्या एकूण बाष्पाच्या नकाशांच्या) सलग चित्रफितीत मधल्या वेळा वाऱ्याने बाष्प पुढे सरकवून भरलेल्या असतात. कोरडी हवा वादळात शिरतेय असं त्यात वाटलं, तर उपग्रहाच्या ताज्या फेरीच्या मूळ प्रतिमेत ती आहे का ते तपासा.