मदत हवी आहे: टेसूच्या फुलांच्या आंबट बिअरचा केशरी रंग टिकत नाहीये

नमस्कार मंडळी, मी इंदूरला एका मायक्रोब्रुअरीत असिस्टंट ब्रुअर आहे (लायसन्सवाली जागा आहे, घरी काही करत नाही) आणि गेले दोन हफ्ते एकाच गोष्टीवर अडकलोय. होळीपासून पाडव्यापर्यंत टॅपवर ठेवायला एक आंबट बिअर करायचीय, टेसूची म्हणजे पळसाच्या फुलांची. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) निघते तेव्हा आमच्याकडे आजी आदल्या रात्रीच पातेल्यात टेसू भिजत घालायची, वरून चिमूटभर चुना टाकायची, आणि सकाळी ते गडद केशरी पाणी पहिल्यांदा कोणी घ्यायचं यावरून आम्हा पोरांची भांडणं व्हायची. तो रंग मला ग्लासात हवाय. फूड कलर टाकणार नाही, त्यावर मी ठाम आहे.

20 लिटरची ट्रायल घेतली. निम्मा गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), निम्मा बार्लीचा. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आधी घातले तर आंबटपणा आणणारे लॅक्टो बॅक्टेरिया नीट काम करत नाहीत म्हणून ते घातलेच नाहीत. वर्ट (माल्टचं गोड पाणी) थोडं उकळून 37 डिग्रीवर आणलं, लॅक्टोबॅसिलस टाकला, दीड दिवसात पीएच (जितका कमी तितकं आंबट) 3.4 झाला, मग परत उकळी देऊन त्यातच वाळलेली फुलं (यंदाची अजून यायचीत, मागच्या सालची जडीबुटीवाल्याकडून आणली) 15 मिनिटं उकळली, गार करून यीस्ट. आंबटपणा एकदम मस्त आलाय, दह्याच्या निवळीसारखा स्वच्छ. पण रंग फिक्कट पिवळा, आणि घोटानंतर जीभ कोरडी पडते, कच्चं पेरू खाल्ल्यासारखी. फुलं दुप्पट केली तर तुरटपणा वाढला, रंग होता तिथेच.

ब्रसेल्सची कान्तियों ब्रुअरी एल्डर नावाच्या झुडपाच्या फुलांची लँबिक (जंगली यीस्टवर आंबवलेली बिअर) करते, ते फुलं तयार बिअरमध्ये भिजवतात, उकळत नाहीत. माझं तिथेच चुकलं का? पण मग फुलांवरचे जंगली यीस्ट-बॅक्टेरिया टँकमध्ये जातील त्याचं काय करायचं? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, होळीला फार दिवस नाहीत.

उत्तर १
भिया, तुझं उत्तर आजीच्या चुन्यात आहे. टेसूचा रंग अल्कलीत, म्हणजे चुन्यासारख्या गोष्टीत, केशरी-लाल होतो आणि आंबटात पिवळा पडतो, त्यामुळे 3.4 पीएचला तो केशरी राहणारच नाही, कितीही फुलं घाल. बिअरमध्ये चुना टाकायचा विचार मात्र करू नकोस, आंबटपणाच मारला जाईल. तुरटपणा फुलं उकळल्याने आणि त्या काळपट मखमली देठांमुळे आलाय, देठ खुडून फक्त पाकळ्या घे. 80 डिग्रीच्या पाण्यात 10 मिनिटं ठेव, गाळ, आणि तो अर्क फर्मेंटेशन झाल्यावर टाक, म्हणजे जंतूंचीही भीती कमी. लाली हवी तर वाळलेली लाल अंबाडी (पानं नाही, बोंडं) वापर, तिचा रंग आंबटातच खुलतो. ती स्वतः आंबट असते म्हणून पीएच 3.6 लाच थांब. आणि टेसूला वास जवळजवळ नसतो, सुगंधाची आशा धरू नकोस.

धागाकर्ता
दादा, इतकी वर्षं आजीचा चुना डोळ्यासमोर होता आणि मला हे सुचलंच नाही! आज सगळ्या फुलांचे देठ खुडतो. टेसू पिवळा आणि त्यात अंबाडीची थोडी लाली, मिळून केशरी यायला हवं. टेसू सोडायचा नाहीये मला, त्याच्याशिवाय ती बिअर रंगपंचमीची राहणार नाही. अंबाडी लिटरला किती ग्रॅमपासून सुरू करू?

उत्तर १
2 ग्रॅम. एकेका लिटरच्या बरण्यांत 1, 2 आणि 3 करून बघ, पांढऱ्या कागदासमोर धरून रंग ठरव, आणि मगच टँकला हात लाव.