लॅक्स्टनच्या शेतांना बांध नाहीत, मग हद्द राखतो कोण?

मोहोळचा कोरडवाहू: सोलापूर जिल्ह्यातील आमची साडेचार एकर जमीन तीन ठिकाणी विखुरलेली आहे. शेजाऱ्याने दरवर्षी नांगराची एकदोन तासे (नांगरटीच्या ओळी) आत सरकत बांध इतका कोरला आहे की आजोबांनी पुरलेला हद्दीचा दगड आज त्याच्या ज्वारीत उभा दिसतो. अशा वेळी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या लॅक्स्टन या लहानशा गावाविषयी वाचले. तेथे मोठ्या खुल्या शेतांतले पट्टे निरनिराळे शेतकरी आजही कसतात आणि मध्ये कुंपण नसते. ही पद्धत तेथे कशी टिकली, आणि तंटे मिटवते कोण? मंचावरच्या जाणकारांनी सांगावे.

जुने नकाशे: गाव जुने आहे, 1086 च्या डूम्सडे या इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत त्याचे नाव सापडते. 1635 मध्ये मार्क पिअर्स याने केलेल्या मोजणीचा नकाशा आजही उपलब्ध असून त्यात कोणाचा पट्टा कुठे, हे दाखवले आहे. शिवारात तीन मोठी शेते: एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक आणि तिसरे पड, अशी दरवर्षी फेरपालट चाले, अलीकडे पड शेतात वैरण घेतात. खरिपात रान पड ठेवून रब्बीची ज्वारी घेणाऱ्या आपल्या भागाला यातले मर्म वेगळे सांगायला नको.

इतरत्र जमीनदारांनी पट्टे एकत्र करून कुंपणे घातली. 1604 ते 1914 या काळात त्यासाठी पाच हजारांहून अधिक कायदे झाले आणि सुमारे 68 लाख एकर जमीन त्यांखाली आली. लॅक्स्टनची जमीन मुख्यतः मॅन्व्हर्स आणि स्कारब्रो या दोन उमराव घराण्यांकडे होती आणि त्यांचे एकमत झाले नाही, म्हणून शेते उघडी राहिली. परंपरेच्या प्रेमाने गाव वाचले, असे सांगणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

चावडीवरचा: तंट्यांचे उत्तर कोर्ट लीट नावाच्या जुन्या गावसभेत आहे. तिने नेमलेले पंच नोव्हेंबरअखेर गव्हाच्या शेतात पायी फिरतात, पट्ट्यांच्या टोकाला लाकडी खुंट्या ठोकून हद्द पक्की करतात, आणि कोणी नांगर सार्वजनिक वाटेत किंवा गवताच्या पट्टीत घातला असेल तर त्याचे नाव टिपून घेतात. आठवड्याभराने सभा भरते व दंड होतो. रक्कम किरकोळ असते. पण पंच शेजारपाजारचेच शेतकरी असल्याने तिथे उभे राहणेच माणसाला जड जात असावे.

सांगोल्याची वाट: तुलना जपून करावी. लॅक्स्टनचे शेतकरी बहुतेक कुळे आहेत. जमीन 1952 मध्ये मॅन्व्हर्स घराण्याकडून कृषी मंत्रालयाकडे, 1981 मध्ये राजसत्तेच्या नावावरील मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे आणि 2020 मध्ये थोर्सबी या खाजगी इस्टेटकडे गेली. त्यामुळे बापाच्या पश्चात भावाभावांत पट्टा कापला जात नाही. आपल्याकडे 1947 चा तुकडेबंदी कायदा असूनही वाटण्या थांबल्या नाहीत, आणि जेथे मालकच दहा, तेथे खुंटी कोणाच्या हाताने ठोकायची, हाच पहिला वाद होईल.

मोहोळचा कोरडवाहू: सर्वांचे आभार. मोजणीचा अर्ज दिलेला आहे. तारीख मिळेपर्यंत, सुगी झाली की शेजाऱ्याच्या आणि दोन जाणत्यांच्या देखत त्या दगडाला चुना फासून ठेवतो.